बोरांसोबतचं मीठ

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून जीभ उचलतेय का? असेल.

एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं. वर्ध्याला मी इंटर सायन्सला होतो. वडील शाळामास्तर, घरात पुस्तकं. आणि माझ्या शेजारच्या टेबलावर शेषराव — पवनारच्या शेतकऱ्याचा मुलगा, रोज सायकल हाणत यायचा. माझा दोस्त. खरंच दोस्त होता हो! मधल्या सुट्टीत बोरं त्याची, मीठ माझं. तो बांधावरची बोरं खिसे भरून आणायचा, मी घरून मिठाची पुडी. चांगलं बोर निवडून मलाच द्यायचा. ‘‘घे बे, हे गोड हाय.’’

आणि मी त्याच्यावर जळायचो.

काऊन, विचारा. बेडूक फाडताना त्याची नस माझ्या हातून दरवेळी तुटायची. शेषराव ती अख्खी काढायचा, जराही न ओरखडता. सर सगळ्यांना बोलावून दाखवायचे — ‘‘हात पाहा याचा, डॉक्टरचा हात!’’ डॉक्टरचा कसला? सकाळी याच हातानं शेण काढलं असेल, असं मी मनात म्हणायचो. हो, म्हणायचो. घरी जेवताना वडीलही त्याचंच कौतुक करायचे, तेव्हा घास तोंडात फिरायचा. त्याच्या गावानं तर त्याला आधीच ‘डाक्टर’ करून टाकलं होतं. नागपूरच्या मेडिकलला जायचं तर प्रॅक्टिकलचे मार्क हवेतच — ते त्यालाही ठाऊक, मलाही.

रसायनाची परीक्षा. प्रत्येकाला एक पांढरी पूड, ती कशाची ते ओळखायचं. तारेवर घेऊन जाळात धरली की रंग दिसतो. जांभळा आला तर पोटॅशियम. पिवळा आला तर सोडियम, आपल्या मिठातलं. आणि मिठाचा पिवळा असा दांडगा, की चिमूटभर मिसळलं तरी जांभळा दिसतच नाही.

शेषराव ॲसिडची बाटली आणायला वळला. माझ्या खिशात पुडी होती — कालची, बोरांची. एक चिमूट. तेवढीच टाकली मी त्याच्या ताटलीत.

त्याच्या तारेवर पिवळाधमक जाळ आला. तो थबकला, हुशारच तो! निळ्या काचेतून पाहिलं की पिवळा मरतो आणि दडलेला जांभळा दिसतो. पण ती काच साऱ्या वर्गात एकच.

‘‘निळी काच तुह्याजवळ हाय का रे?’’

माझ्या वहीखालीच होती. मी नाही म्हटलं.

त्यानं सोडियम लिहिलं. पूड पोटॅशियमची होती. मेडिकलच्या यादीत त्याचं नाव थोडक्यात हुकलं, माझं आलं. मी डॉक्टर झालो. त्यानं पवनारला नांगर धरला.

परवा तो माझ्या घरी आला होता. धोतराच्या सोग्यात बोरं. बायकोला हसत हसत सांगत होता, ‘‘वहिनी, मले तवा पिवळंच दिसलं बघा. माही नजरच कच्ची! यानं बराबर पाह्यलं, म्हून हा डाक्टर.’’



मग त्यानं एक बोर निवडलं, माझ्यापुढे धरलं, आणि म्हणाला, ‘‘मीठ आण ना बे.’’

मी उठलो. स्वयंपाकघरातून मीठ आणून दिलं.