मेहुण्याचं पोट

लोकांच्या सुट्ट्या लागल्या की बॉयलर साफ करणाऱ्या सुतळीचं काम सुरू व्हायचं, आणि तिथूनच त्याचं डोकं फिरायला लागायचं. कारखाने बंद झाले तरच बॉयलर थंड होतात. मग याने आत शिरायचं आणि भिंतींवर चढलेला क्षार छिन्नीने खरवडायचा. शिरायचं भोक सोळा इंच लांब, बारा इंच रुंद. सुट्टी आहे म्हणून ते काही मोठं होत नाही. म्हणून पन्नाशी उलटलेला हा माणूस रोज पहाटे चार मजले चढायचा, उतरायचा आणि जेवणावरून अर्धपोटी उठायचा. कामावरच्यांनी त्याचं नाव सुतळी ठेवलं ते उगाच नाही.

घरात मात्र सुट्टीभर नुसता छळ. बायको गोडाधोडाचं ताट पुढे करायची, हा हात आडवा धरायचा. "या वयात कुणाला रूप दाखवायचंय?" ती टोमणा मारायची आणि पाहुणे खो खो हसायचे. "एकाने काय होतंय?" असं कुणी म्हटलं की सुतळीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकेक करून पंधरा दिवसांत काय होतं, ते त्या पाहुण्यांच्या पोटांकडे बघूनच कळत होतं. शेवटी तो वैतागून ओरडायचा, "मला नको! तुझ्या भावाला वाढ!" आणि ती वाढायची. भाऊ, म्हणजे सुतळीचा मेहुणा, शेजारीच राहायचा. कामावर तोच त्याचा जोडीदार. ताईला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं.

जोडीदाराचं काम दिसायला सोपं. भोकाशी बसायचं, आतल्याशी बोलत राहायचं. आतून आवाज बंद झाला तर शिरून त्याला ओढून काढायचं. दोरी बांधून उपयोग नाही, ती नळ्यांत गुंतते. तीन वर्षांपूर्वी सुतळी आत बेशुद्ध पडला, तेव्हा याच मेहुण्याने त्याला काखेत धरून बाहेर काढलं होतं.

यंदा दोघं कारखान्यात पोचले. "आधी तू शिरून दाखव," सुतळी म्हणाला. मेहुण्याने हात घातले, डोकं घातलं, खांदेही गेले. पोट अडलं. त्याने सगळा श्वास सोडला, तरी अडलं. पाय झाडत मागे आला तेव्हा लालबुंद झाला होता आणि वर हसत होता.

"भाऊजी, मी कुठे आत जातोय? मी तर दाराशी."

"दाराशी बसून काय करशील? हाका मारशील?"

मॅनेजर घड्याळ बघत होता. "अहो, आजवर झालं ना सगळं नीट?"

सुतळीने छिन्नी आपटली. "नीट झालं, कारण हा आत मावत होता! आता तुम्ही शिरता का मला काढायला?"

मॅनेजरने आपल्या पोटाकडे बघितलं. मग त्याने फोन लावून दुसरी टोळी बोलावली. इतक्या वर्षांचं हक्काचं काम हातचं गेलं.

सुतळी घरात शिरला तोच तोंड सोडत. "भरव अजून भावाला! मी आत मेलो की हा बाहेर बसून ढेकर देईल!"

बायकोला काही कळेना. मेहुण्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. भोक केवढं, आत हवा कशी असते, ते बेशुद्ध पडणं. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. मग ती अशी कडाडली की सुतळी दोन पावलं मागे सरला.

"वीस वर्षं सांगताय, बॉयलर धुतो, बॉयलर धुतो. मला वाटायचं, बाहेरून धुता!" तिचा आवाज चिरकला. "मला माहीत असतं, तर याला एक घास तरी जास्त दिला असता का मी?"

तुला काळजी नको म्हणून बोललो नाही, असं सुतळीला सांगायचं होतं. पण ताट मेहुण्याकडे सरकवायला सांगणारा तो स्वतःच होता. आणि त्याला तर सगळं माहीत होतं.