सात चर्चं आणि आईची चिठ्ठी

एका दिवसात सात चर्चं करायची असतील तर पहिला सल्ला: जुनी चप्पल घाला. दुसरा: आदल्या दिवशी झोप काढा. मला दुसरं जमलं नाही.

आम्हा कॅथलिकांत उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधी, सात चर्चंना भेट देऊन प्रार्थना करायची पद्धत आहे. आई दरवर्षी करायची. आता दोन वर्षं ती आमच्या वाघोलीच्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळलीय, आणि तिचं सगळं मी एकटी बघते. यंदा म्हणाली, ‘‘माझ्या वतीनं तू जा.’’ घडी घातलेली एक चिठ्ठी हातात कोंबली. ‘‘सातव्या चर्चमधल्या पेटीत टाक. वाचू नकोस.’’ बरं होऊ दे असंच लिहिलं असणार, दुसरं काय! शेजारच्या काकू, मूळच्या वर्ध्याच्या, तिच्याजवळ बसल्या आणि मी निघाले.

बसचा दिवसभराचा पास काढा, रिक्षाच्या नादी लागू नका. नगर रस्त्यावर सकाळी आठला निघालात तर येरवड्यापर्यंत अख्खी जपमाळ आरामात म्हणून होते. माझी दोनदा झाली. झाली म्हणजे, मणी सरकवले. डोक्यात घरातले डायपर संपत आलेत हेच चाललं होतं. येरवड्याच्या चर्चमध्ये गुडघे टेकले आणि तशीच पेंगले. झाडू मारणाऱ्या बाईंनी उठवलं. ‘‘ताई, पाय उचला.’’

पुढची चर्चं कॅम्पाच्या आसपास, पायी होण्यासारखी. शुक्रवार होता, म्हणजे आम्हाला मटण-चिकन बंद. खिमा-पावाच्या वासातून नाक दाबून चालले आणि एका टपरीवर इडली खाल्ली. चटणी आंबलेली होती. सांगितलं तर मालक म्हणाला, ‘‘मग कशाला संपवलीत?’’

चौथ्या चर्चमध्ये दुपारी कुणी नव्हतं. पंखा फिरत होता, गार वाटत होतं. आईच्या नावानं ‘नमो मारिया’ ही प्रार्थना सुरू केली आणि मध्येच शब्द संपले. मग जे तोंडातून आलं ते आलं: ‘‘देवा, आता ने रे तिला. मला झोपायचंय.’’

चांगलं मोठ्यानं म्हटलं मी. स्वतःच्याच आवाजानं दचकले आणि बॅग उचलून बाहेर पळाले. पुढची दोन चर्चं कशी केली, विचारू नका. मागायला तोंडच उरलं नव्हतं.

सातवं बिबवेवाडीच्या बाजूला. पाच वाजले होते, पायांचे तुकडे पडले होते. दाराशी पाट्या लावलेल्या दोन लाकडी पेट्या आणि शेजारी खुर्चीत एक म्हातारे अंकल. मी समोरच्या पेटीत चिठ्ठी सरकवणार, तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘वाचता येतं ना? ही मागण्याची. ती आभाराची. दोन्हींतल्या चिठ्ठ्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर मोठ्यानं वाचतात.’’

‘‘आईची आहे. मला माहीत नाही काय लिहिलंय.’’

‘‘मग उघडून बघा. मला तरी कसं कळणार?’’

उघडली. आईचं वेडंवाकडं अक्षर. ‘माझी मुलगी माझ्यावर चिडते, पण सोडून जात नाही. आभारी आहे, प्रभू.’

त्या अंकलसमोर मी ढसाढसा रडले. त्यांनी खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली. चिठ्ठी मग आभाराच्या पेटीत टाकली.

घरी पोचायला आठ वाजले. काकू गेल्यावर आईनं विचारलं, ‘‘टाकलीस? कुठल्या पेटीत?’’

‘‘आभाराच्या.’’

‘‘म्हणजे वाचलीस. अगं, मी काय सांगितलं होतं?’’

माझ्यानं राहवेना. चौथ्या चर्चमधलं सगळं सांगून टाकलं, शब्दाला शब्द. मला वाटलं, आता आई रडेल.

‘‘मीही तेच मागते गं रोज,’’ ती म्हणाली. ‘‘चिठ्ठीत लिहायची लाज वाटली. मोठ्यानं वाचतात ना.’’

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, दिवस पुरतो. मन हलकं होतं का, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. आईला आजही दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं.

त्या रात्री जपमाळ घेऊन मी तिच्या उशाशी बसले, तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. ‘‘तू थकलीयस. मी म्हणते. तू नुसतं आमेन म्हण.’’