सरांचा रक्तदाब

साठच्या दशकात बंगळुरात मी एका प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन करत होते. अस्पृश्यतेचा शरीरावर काय परिणाम होतो, हा त्यांचा विषय. येलहंक्याजवळच्या दलित वस्तीत आम्ही एका घरी लोकांचा रक्तदाब मोजत बसलो होतो. घरच्या अक्कांनी कॉफी आणली. मी घेतली. सर म्हणाले, "मला डॉक्टरांनी कॉफी बंद केली आहे." वाटेत हॉटेलात मात्र त्यांनी चवीने घेतली होती.

अक्का हसल्या. "सरी, बरं. तब्येत इतकी नाजूक आहे, तर तुमचाही दाब मोजून घ्या की."

सरांनी बाही वर सारली. मी पट्टा बांधला. त्या दिवशी वस्तीत कुणाचा नव्हता इतका त्यांचा दाब चढला होता.

"यंत्र बिघडलंय," सर म्हणाले आणि तेच यंत्र घेऊन पुढच्या घरी गेले.