न घेतलेला खांब

साजगावच्या कारखान्यावर माल उतरवला की आम्ही पिकअपवाले समोरच्या सरळ रस्त्यावर शर्यत लावायचो. अंतर विजेच्या दहा खांबांचं. गाडी कंपनीतून आली तशीच पाहिजे, इंजिनात फेरफार नको, आणि लहान गाडीनं एक खांब पुढून निघायचं, ही आमची रीत. माझी पिकअप सगळ्यांत मोठी. समोरच्याला खांब सोडूनही मी कधी हरलो नव्हतो, कुणालाही विचारा.

एका दुपारी नेरळकडचा एक अनोळखी ड्रायव्हर आला. अंगानं काटकुळा, आणि गाडीही तशीच. त्यानं ती शर्यतीसाठी माझ्या गाडीला लावून उभी केली आणि खांद्यावरच्या टॉवेलनं सावकाश काच पुसली.

"अरं, एक खांब पुढं जा," मी म्हणालो.

"नको दादा. हितंच बरा हाय."

"चाकाखाली येशील रं!" पोरं हसली.

शिट्टी झाली. सात खांबांपर्यंत तो पुढंच होता. मी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. नवव्या खांबाला मी त्याला गाठलं आणि दहाव्याला जेमतेम हातभर पुढं निघालो.

"येडा हायस का? खांब घेतला असतास तर जिंकला असतास!" सगळे त्याच्यावर ओरडले.

बैलाला थोपटावं तशी त्यानं बॉनेटवर थाप मारली.

"मंग खांब जिंकला असता. मी नाय."

तो परत कधी दिसला नाही. मी पुढंही हरलो नाही. पण कुणाकुणाला हरवलंस असं विचारलं, तर मी तो एकच मोजतो.