स्मिताताईंची चूक सापडेना

कुवेतमध्ये खिडक्या कितीही घट्ट लावा, सकाळी टेबलावर वाळूचा थर असतोच. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचंही तसंच. मी जमवत नाही हो, ते आपले येऊन बसतात! मीठमसाला माझा, बाकी सगळं खरं.

आम्ही जाब्रियातल्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. हेल्पडेस्कवर फोन घेणाऱ्या स्मिताताईंनी चाळिशी ओलांडल्यावर कंपनीच्या योजनेत नाव घातलं. चार दिवस नोकरी, गुरुवारी ऑनलाइन कॉलेज, शेवटी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची डिग्री. लग्नामुळे शिक्षण सुटलं होतं. "या वेळी सोडणार नाही," एवढंच म्हणाल्या.

*

आमच्याकडे रोज सकाळी टीम उभ्या-उभ्या सांगते: काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे. ताईंनी हे बनेद अल-गारच्या आपल्या स्वयंपाकघरातही सुरू केलं. महेशराव, त्यांचे यजमान, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत शिफ्टला असतात. त्यांनी रिपोर्ट दिला, "काल ड्यूटी, आज ड्यूटी, अडलंय चहापाशी."

*

ताईंचा मेंटर सलीम, रत्नागिरीचा, त्यांच्या धाकट्या भावाच्या वयाचा. अदब इतकी, की कागद अडकला तर आधी प्रिंटरची माफी मागतो! शिकणाऱ्याचा कोड तपासून, चुका लिहून परत पाठवायचा, हे मेंटरचं काम. इतरांना सलीम सरळ लिहायचा, "चुकलंय." ताईंना मात्र, "ताई, छान. सवडीने एकदा बघाल का?"

ताई बघायला जायच्या, तर सगळं व्यवस्थित चाललेलं. चाळिशीनंतर आपलं डोकं उघडलं, असं त्यांना वाटू लागलं. आम्हालाही.

*

मग विद्यापीठाच्या परीक्षक बाई स्क्रीनवर आल्या. ताईंचं वर्षभराचं काम चाळून म्हणाल्या, यात एकही चूक नाही. चूक करून ती स्वतः दुरुस्त केलेली दाखवली नाहीत, तर पास करता येणार नाही.

ताईंनी सलीमकडे पाहिलं. सलीमने कीबोर्डकडे. ताईंच्या चुका तो जेवणाच्या सुट्टीत गुपचूप दुरुस्त करत होता. थोरल्या बहिणीसारख्या बाईला 'चुकलात' म्हणायचं कसं?

आता भडका उडणार म्हणून मी खुर्ची मागे घेतली. ताईंनी डबा उघडला, अर्धी पोळी त्याच्यापुढे सरकवली. "भावा, आता मला पडू दे रे."

*

पुढच्याच आठवड्यात ताई पडल्या, आणि दणक्यात. त्यांच्या नव्या कोडमुळे एका दवाखान्याच्या पेशंटांना अपॉइंटमेंटची आठवण करून देणारे मेसेज थांबेचनात. एक आजोबा म्हणे घाबरून आदल्या दिवशीच येऊन बसले! ताईंनी मेसेज बंद केले, चूक शोधली, सुधारली, दवाखान्याला स्वतः फोन करून माफी मागितली. अख्खी सकाळ गेली. सलीम शेजारच्याच खुर्चीत होता.

परीक्षक बाईंनी ताईंकडून सगळं ऐकून घेतलं. मग सलीमला विचारलं, "या सगळ्यात मेंटर म्हणून तुम्ही काय केलंत?"

सलीम उठून उभा राहिला.

"मॅडम, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो."