गुलाबी फुलांचे मोठे साहेब

भर दुपारी, भर साइटवर मी एका परक्या पुरुषाच्या मानेला सनस्क्रीन चोळलेलं आहे.

आमचे हे धायरीतल्या एका बांधकामावर इंजिनिअर. नोकरी नवी, अजून कायम व्हायची होती. उन्हात उभं राहून यांची मान इतकी भाजली, की शर्टाची कॉलर लागली तरी कळवळायचे. डॉक्टरांनी बजावलं, "मान झाका, क्रीम लावा."

"साइटवर स्कार्फ? लोक हसतील!" इति हे.

"सगळ्यांनीच बांधल्यावर कोण हसणार?" मी म्हटलं. आमच्या भिशीत आम्ही हौसेनं एकसारख्या गुलाबी फुलांच्या कॉटनच्या साड्या घेतल्या होत्या (आणि नंतर कोणीच नेसलो नव्हतो!). त्या गोळा करून फाडल्या आणि अख्ख्या साइटला स्कार्फ वाटले.

दुसऱ्या दिवशी हे सनस्क्रीन घरीच विसरले. म्हणजे मुद्दाम! मी ट्यूब घेऊन तडक साइटवर. तिथे सगळेच गुलाबी, नुसते डोळे दिसतायत. पण पांढरं हेल्मेट इंजिनिअरचं, एवढं मला ठाऊक होतं. पाठमोरं पांढरं हेल्मेट दिसलं, स्कार्फ नुसता तोंडाला बांधलेला, खाली मान उघडीच!

"अहो, किती वेळा सांगायचं? हलू नका!" मी अर्धी ट्यूब पिळली.

"अहो बाई..."

"गप्प! आधी कानामागे."

तेवढ्यात विटा उचलणाऱ्या मावशी ओरडल्या, "ताई, तुमचं सायब तिकडं हायेत! हे मोठं सायब!"

तिकडे आमचे हे उभे. तोंड स्कार्फात, पण डोळे पार बाहेर आलेले.

मोठ्या साहेबांनी स्कार्फ सोडला. "या कोण?"

"मिसेस... सर," हे पुटपुटले. गेली नोकरी!

साहेबांनी मानेवरून हात फिरवला. "गार वाटतंय. उद्यापासून ही ट्यूब सगळ्यांना द्या, आणि भर दुपारचं काम सावलीत घ्या. शिवाय या मॅडमना गेटवर थांबवत चला."

हुश्श! मी तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसले. नोकरी वाचली, पुढे कायमही झाली.

संध्याकाळी आरशात पाहिलं, तर माझं नाक टोमॅटोसारखं लाल! सगळ्या साइटला स्कार्फ वाटून मी स्वतः उघड्या डोक्यानं गेले होते. हे हसू दाबत कोरफडीचा गर घेऊन आले.

"हलू नकोस," म्हणाले, "आणि नीट बघून घे, मीच आहे ना?"