तळघरातलं ताजं प्लास्टर

वाचकहो, सावरून बसा. या शहराची झोप उडवू शकलं असतं असं एक भीषण प्रकरण मी आज जाहीर करतो आहे. वर्दी मुदतीआधी उतरवली, तरी ती सकाळ डोक्यातून जात नाही. ताज्या सिमेंटचा वास आला की अजून मी रस्ता बदलतो.

बीड बायपासकडच्या वसाहतीतून एक बाई ठाण्यात आल्या. म्हणाल्या, "साहेब, शेजारचे काका आठ दिवसांपासून तळघरात सिमेंट नेतेत. गवंडी नाय, मजूर नाय, दार लावून एकटेच. अन् काकू तवापासूनच दिसंनात."

स्टेशन डायरीत नोंद केली. काकूंचा फोन बंद. दोन हवालदार घेऊन निघालो.

काका शेंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. कोपरापर्यंत सिमेंटनं माखून दारात आले.

"काकू कुठं आहेत?"

"पैठणला, बहिणीकडं. रुसून गेली."

"कशावरून?"

काका हातावरचं सिमेंट खरवडू लागले.

"तळघर दाखवा."

"तिथं काय नाय ओ साहेब. उद्या या ना. आज नका."

उद्या! मी लगेच पैठण ठाण्याला निरोप धाडला आणि पंच शोधू लागलो. झडतीला दोन पंच लागतात, आणि पंच म्हटलं की अख्खी गल्ली आतून कड्या लावते. समोरचा किराणावाला कसाबसा तयार झाला. तेवढ्यात फाटकाशी इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ दिसला, हातात फाइल.

"चला, पंच व्हा."

"साहेब, मी तर घर..."

"बोलायचं ते सही करताना बोला."

त्याला पाहताच काका पांढरेफटक पडले. माझी खात्रीच पटली.

खाली कोंदट अंधार, एकच बल्ब. एका भिंतीवर बरोबर माणसाच्या उंचीचा ताज्या प्लास्टरचा पट्टा. हवालदारानं ठोकून पाहिलं. "पोकळ वाजतंय, साहेब." फाइलवाला मटकन पायरीवर बसला आणि तोंडातल्या तोंडात त्रिसरण म्हणू लागला.

काकांनी हात जोडले. "यांच्यासमोर नका फोडू. पाया पडतो."

"फोडा."

तिसऱ्या घावाला प्लास्टर कोसळलं. आत वीट होती. विटेतून पाणी झिरपत होतं. आणखी फोडलं. आणखी पाणी.

तेवढ्यात पैठणहून फोन आला. काकू बहिणीच्या गच्चीवर पापड वाळवत होत्या. निरोपही होता: "ओल लपवून घर विकणार असाल, तर मी सही करणार नाय म्हणावं त्यांना."

मग काकांना बोलतं करावं लागलं नाही. घर दोघांच्या नावावर होतं. ते विकून पुण्याला आजारी लेकीजवळ जायचं होतं. गवंडी लावला तर ओलीची बातमी फुटेल, म्हणून हा सगळा एकट्याचा उद्योग. आणि घर बघायला गिऱ्हाईक आजच यायचं होतं. ते गिऱ्हाईक म्हणजे माझा दुसरा पंच. ज्याच्यापासून ती भिंत लपवायची होती, त्यालाच मी हाताला धरून तिच्यापुढं नेऊन बसवलं होतं! काका लेकीचं नाव घेऊन रडले, तेव्हा मला कुठं बघावं कळेना.

मी खुनी पाहिलेत. ते इतके घाबरत नाहीत. माणसाचा चेहरा बघून गुन्हा ओळखतो, ही माझी फुशारकी त्या दिवशी संपली. समोरच्याला वाक्य पूर्ण करू द्यावं, एवढं शहाणपण मला तेव्हा आलं.

पंचनामा वाचून दाखवला: पश्चिमेकडील भिंतीस ओल, अन्य आक्षेपार्ह काही नाही. काकांनी डोळे मिटून घेतले. फाइलवाल्यानं सही केली, भोकाकडं एकदा बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "नुसती ओलच ना साहेब? आतून बाई तर नाय निघाली! मंग घेतो की मी घर!"